कार्तिकाचा पट

"हे काढ," बेहेरे सर म्हणाले.

त्यांचं बोट लाकडी पटाच्या खालच्या कोपऱ्यावर होतं. तिथे, चित्राच्या बाहेर, समासात, मी एक पटाशी कोरली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. भिंग लावलं तरच दिसावी इतकी.

"सर, ती कोरणाऱ्याची खूण आहे."

"कळतंय मला. म्हणूनच म्हणतोय, काढ."

"तुम्हीच सांगितलं होतंत. जपानात चित्रकाराच्या नावाबरोबर कोरणाऱ्याचीही खूण असते म्हणून."

"जपानात भूकंपही होतात, मेस्त्री." सर स्वतःच्या विनोदावर थोडं हसले. "सगळंच उचलायचं नसतं आपण. बघणाऱ्याचा गोंधळ होतो. चित्र एकाचं, खूण दुसऱ्याची. काय समजायचं त्यानं?"

"फक्त या पटावरची काढू?"

"अकराही पटांवरची."

मी अकराही खुणा तासून काढल्या. ते काम मलाच करावं लागलं, कारण ते करता येणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

ही १९९१ची गोष्ट. प्राध्यापक चिंतामणी बेहेरे पुण्याच्या एका कलाशाळेत आम्हाला शिकवत. त्याच्या चार वर्षं आधी ते तीन महिने जपानला जाऊन आले. येताना दोन पटाश्या, बांबूच्या सालीत गुंडाळलेली एक घासायची चकती, स्वतःच्या सहीचा गोल लाल शिक्का आणि कुणीही समोर आलं की कमरेत वाकायची सवय घेऊन आले. पहिले काही आठवडे तर दूधवाल्यालाही वाकत. मग त्यांनी जाहीर केलं की आपण 'बारमास' करणार. चैत्र ते फाल्गुन, बारा चित्रं, जपानी पद्धतीचे लाकडी ठसे. प्रत्येकात एक माणूस आणि त्या महिन्याचं रान, पाणी, आभाळ. माणूस लहान, निसर्ग मोठा. "माणसानं आपली जागा ओळखावी, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे," असं सर प्रत्येक मुलाखतीत सांगत.

मी त्यांची माजी विद्यार्थिनी. कुडाळच्या सुताराची मुलगी, हातात पटाशी घेऊनच जन्मले म्हणा. सर पातळ कागदावर चित्र काढत आणि मला देत. ते मी शिवणीच्या लाकडाच्या फळीवर तांदळाच्या खळीनं पालथं चिकटवायची. पालथंच, कारण ठसा उमटताना बाजू बदलते. पटावर उलटं असेल तेव्हाच कागदावर सुलटं येतं. मग ओल्या बोटानं कागदाची पाठ घासून घासून रेषा वर आणायच्या, आणि रेषा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. ज्येष्ठातल्या वडाला सूत गुंडाळणारी बाई सरांनी एका दुपारी काढली. तिच्या डोक्यावरच्या पारंब्या कोरायला मला सात आठवडे लागले. भाद्रपदात तेरड्याच्या रानात हरवलेला गुराखी होता, पौषात धुक्यातून हुरडा घेऊन येणारी म्हातारी होती. सर मधूनमधून येत, चकतीनं एखादा कागद घासत, "अहाहा" म्हणत, आणि शेवटी आपला लाल शिक्का मारत. शिक्का मात्र ते खरंच स्वतः मारत.

चार वर्षं हे चाललं होतं. मला त्यात वाईट वाटत नव्हतं, कारण मला खूण मिळणार होती. ती खूण का हवी होती, तेही सांगते. मोरिता नावाच्या एक जपानी बाई तेव्हा पुण्यात होत्या. त्यांच्या संस्थेकडून दर वर्षी एका भारतीय कोरणाऱ्याला जपानात एका वृद्ध कारागिराकडे सहा महिने शिकायला पाठवत. अर्ज नोव्हेंबरअखेर. अट एकच: छापलेल्या कामावर कोरणाऱ्याची खूण हवी, किंवा मग चित्रकारानं लेखी द्यायला हवं की हे यांनी कोरलं.

खुणा गेल्या, तेव्हा मी लेखी मागितलं.

"देतो की! त्यात काय?" सर म्हणाले आणि तिथेच टाइपरायटर ओढला. पत्र असं होतं: 'कु. हेमांगी मेस्त्री या माझ्याकडे चार वर्षे असून त्यांची वागणूक समाधानकारक आहे.'

"सर, यात कोरण्याचं काहीच नाही."

"वागणुकीत सगळं येतं गं."

"तुम्ही कोरत नाही, हे लोकांना माहीत आहेच की."

"कुणाला माहीत आहे?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "मेस्त्री, तुमच्या लोकांच्या हातात कला असते, मला आदर आहे. पण हात म्हणजे चित्रकार नव्हे. सुतारानं पलंग केला म्हणून पलंगावर सुताराचं नाव घालतो का आपण?"

माझ्या वडिलांनी केलेल्या प्रत्येक पलंगाच्या आतल्या बाजूला त्यांचं नाव असतं. हे मी सरांना सांगितलं नाही. चार वर्षांत बऱ्याच गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

त्या घरात 'आज काय कोरलंस?' असं विचारणारा एकच माणूस होता. सरांचे वडील, अप्पा. वय चौऱ्याऐंशी, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, राहायला वाईला. डोळे दाखवायला महिन्यातून एकदा पुण्याला येत आणि औषध घातलेल्या डोळ्यांनी माझ्याजवळ स्टुलावर बसत. दिसत काहीच नसे, म्हणून पटावरून बोटं फिरवत. "हे पान का?" "नाही अप्पा, कान आहे." "मग माणसाचा दिसत नाही." "गाईचा आहे." "हां, मग बरोबर." 'बारमास' त्यांनाच अर्पण होता. सरांनी तसं फार आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बाकी राहिला होता एकच महिना, कार्तिक. त्यातला माणूस कोण, हे सरांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःलाच घेतलं. पहाटेची कृष्णा, वाईचा घाट, कमरेएवढ्या पाण्यात उघडे उभे असलेले बेहेरे सर, ओंजळीत सूर्याला द्यायचं पाणी. आदल्या दिवाळीत नलिनीकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, काढलेल्या फोटोवरून त्यांनी ते काढलं. बाकी अकरा चित्रांत माणूस लहान होता. यात निसर्गानं थोडं सरकून घेतलं होतं.

वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीवाले आले त्या दिवशी हा कागद चिकटवायचा होता. पेंढरकर नावाचा वार्ताहर आणि एक छायाचित्रकार. सरांनी माझा एप्रन मागून घेतला, बांधला आणि माझ्या जागेवर बसले. मी बाजूला उभी राहिले. त्यांनी खळ फासली आणि कागद पालथा ठेवायला घेतला. इतकं त्यांना येत होतं.

"सर, चित्र दिसत नाहीये," छायाचित्रकार म्हणाला. "कागदाची पाठच येतेय."

"अच्छा. मग असं?" सरांनी कागद सुलटा केला आणि थापटून बसवला. पटावर सर लख्ख दिसू लागले.

"वा! हातात पटाशी घ्या. हां. कोरताय असं दाखवा."

सरांनी कोरताहेत असं दाखवलं. पटाशी उलटी धरली होती, पण ते फोटोत कळत नाही.

खळ वाळायला वीस मिनिटं लागतात. फोटो झाला की कागद अलगद उचलायचा आणि पालथा बसवायचा, असं मी मनात ठरवलं होतं. अगदी ओलं फडकं हातात घेऊन उभी होते.

पेंढरकरनं विचारलं, "आणि या कोण?"

"ही होय? ही मेस्त्री." सरांनी मागे न बघता सांगितलं. "खळ-बिळ करते. पाणी बदलते. मला एकदा लाकूड समोर आलं की आजूबाजूचं भान राहत नाही हो, कुणीतरी लागतं."

पेंढरकरनं ते लिहून घेतलं. मी फडकं खाली ठेवलं.

मंडळी उठली. एप्रन काढता काढता सर म्हणाले, "मेस्त्री, बाकीचं तू बघून घे."

"बघते, सर."

मी बघितलं. वीस मिनिटं, घड्याळाकडे. मग बोट लावून पाहिलं. कागद लाकडाला पक्का धरला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी जसं चिकटवलं होतं तसं कोरलं. चार वर्षांत केलं नव्हतं इतकं मन लावून कोरलं. रंगांचे पट रेषांच्या पटावरून निघतात, म्हणजे एकदा बाजू बदलली की रंगही त्याच बाजूला जाऊन बसतात. कुठे चुकून सुलटं राहायची सोय नसते.

पहिला कागद छापून सरांपुढे ठेवला. सर बराच वेळ बघत राहिले.

"मेस्त्री," ते शेवटी म्हणाले. "हा खरा मी. आजवर माझा इतका हुबेहूब चेहरा कुणाला जमला नव्हता."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाजू बदललेले सर म्हणजे सरांना रोज सकाळी आरशात दिसणारे सर. भांग त्याच बाजूला, तीळ त्याच गालावर. त्यांनी नलिनीकाकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, बघितलं, मान तिरकी केली.

"तुम्ही काहीतरी वेगळे दिसता हो यात."

"जपानी दिसतो," सर म्हणाले.

साठ प्रती छापल्या. साठ शिक्के मारले.

प्रदर्शन नोव्हेंबरात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात. दारातच पुरवणीतला तो फोटो मोठा करून लावला होता: एप्रनमधले सर, हातात पटाशी, समोर पट. त्याखाली 'बारमास' आणि 'तीर्थरूप अप्पांस'. मोरिताबाई आल्या होत्या, बरोबर दुभाषा. अप्पा काठी टेकत आले. मोतीबिंदू काढून महिना झाला होता आणि त्यांना चार वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसत होतं. त्यांनी समई लावली. मग चैत्रापासून एकेक चित्र बघत निघाले. सगळी गर्दी त्यांच्या चालीनं मागून. वडापाशी थांबले, "पारंब्या बघा, पारंब्या," म्हणाले. सरांनी मान लववली.

आठव्या चित्रापाशी अप्पा थांबले आणि थांबूनच राहिले.

"चिंतू, जरा इकडे ये."

"काय अप्पा? आवडलं?"

"हा तू ना?"

"हो. आपला घाट."

"पाण्यात उभा आहेस. ओंजळीत पाणी आहे."

"हो, कार्तिकस्नान..."

"जानवं कुठल्या खांद्यावर आहे?"

सरांनी चित्राकडे बघितलं. मग झब्ब्यावरून स्वतःचा डावा खांदा चाचपला. मग पुन्हा चित्राकडे बघितलं.

"उजव्या," अप्पांनीच सांगितलं. ते शिक्षकच होते, वर्गाला ऐकू जाईल असं बोलत. "एरवी डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर घेतात ते गेलेल्यांना पाणी द्यायला. आणि ज्याचा बाप हयात आहे, त्यानं ते द्यायचं नसतं. तुला हे मीच शिकवलं होतं. मग मी समोर उभा असताना तू पाणी कुणाला सोडतोयस?"

मागे कुणाचा तरी चहाचा कप बशीवर वाजला. मी आत एक विलक्षण थंडावा अनुभवत होते, कुडाळच्या विहिरीत उतरल्यावर पायापासून वर चढतो तसा. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

"अप्पा, ही... ही छपाईतली चूक आहे. बाजू बदललीये. मेस्त्रीनं कागद चुकीचा चिकटवला!"

सगळे माझ्याकडे वळले. मी दारातल्या त्या मोठ्या फोटोकडे बघितलं. एक माणूस टक लावून बघायला लागला की बाकीचेही तिकडे बघतात. फोटोत सर सुलटे, लख्ख, पटावर चिकटलेले दिसत होते, आणि त्यावर पटाशी धरलेला हातही त्यांचाच होता. पेंढरकर तर फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

"ठीक आहे, चिकटवला मी!" सरांचा आवाज फाटला. "फोटोसाठी चिकटवला! पण पुढे कोरलं तिनं ना? कोरताना दिसू नये तिला? मी कुठे कोरतो? सगळे पट तीच कोरते!"

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

मोरिताबाईंनी दुभाष्याला विचारलं. त्यानं कानात सांगितलं. बाईंनी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत भिंतीवरून सावकाश नजर फिरवली आणि मग थेट मला विचारलं, "सगळे?"

"सगळे," मी म्हटलं.

बाई माझ्यासमोर कमरेत वाकल्या. सर मध्येच उभे होते. त्यांना वाटलं आपल्यालाच, तेही वाकले.

अप्पा तोवर जिना उतरत होते. काठी पायरीवर वाजत होती. कुणीतरी धरायला धावलं तर त्यांनी हात झिडकारला.

दुसऱ्या दिवशी मोरिताबाईंच्या कचेरीतून निरोप आला: तोंडी चालत नाही, लेखी हवं. सात दिवस उरले होते. सरांच्या दारावर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा नलिनीकाकूंनी दार उघडलं आणि "ते नाहीत" म्हणाल्या. मागे सरांच्या चपला दिसत होत्या. म्हणजे सूड पुरा झाला होता, आणि मी होते तिथेच होते.

अठ्ठावीस तारखेला पेंढरकरच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट आली. शीर्षक 'खुलासा'. "'बारमास' या चित्रमालिकेचे बाराही पट कु. हेमांगी मेस्त्री यांनी एकटीने कोरले आहेत. कोरीवकामाशी माझा संबंध नाही. यापूर्वी मी केलेली विधाने खोटी होती. चिं. द. बेहेरे." मी तो कापला, अर्जाला जोडला आणि स्वतः नेऊन दिला.

अर्ज दिला आणि तशीच वाईच्या एसटीत बसले. कशासाठी, ते मला नीट सांगता आलं नसतं. अप्पा घाटाजवळ दोन खोल्यांत राहत. खाटेवर बसून होते, पाय खाली सोडून.

"ये. खुलासा वाचलास?"

"वाचला. अर्जाला लावला."

"चिंतू इथे बसून 'सहकार्य केले' असं लिहीत होता. तीन कागद फाडले मी." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "'खोटी' हा शब्द लिहायला त्यानं सगळ्यात जास्त वेळ घेतला."

"अप्पा, माझ्याकडून..."

"थांब. मी विचारतो, तू सांग. कागद चुकीचा बसलाय, हे तुला कधी कळलं?"

"बसवला तेव्हाच."

"जानवं कुठे येणार, ते?"

"कोरायला घेतलं तेव्हा. आम्हीही जानवं घालतो अप्पा. आजोबा गेले तेव्हा वडिलांनी खांदा बदललेला मी बघितला होता."

"हे चिंतूला माहीत नसणार."

"नाही."

बाहेर घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"आणि मी? मी आठवलो का?"

मला खोटं बोलता आलं असतं. समोर दुसरं कोणी असतं तर बोललेही असते.

"जानवं कोरायला दोन दिवस लागले," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी आठवलात."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी उरलेलं कोरलं."

अप्पांनी मान हलवली. गाईचा कान म्हटल्यावर हलवत तशीच.

"धाग्याचा पीळसुद्धा दिसतो," ते म्हणाले. "तीन पदर वेगळे मोजता येतात. पहिल्यांदाच बघितलं मी तुझं काम."

मी उठले आणि नमस्काराला वाकले. अप्पांनी पाय वर घेतले. हळूच, म्हाताऱ्या माणसाला जमेल तसे, एकेक, आणि धोतरात झाकून मांडी घातली.

"नको," ते म्हणाले. "त्यानं नकळत चूक केली, हेमांगी. तू समजून-उमजून काम केलंस."